गळ्याचा फवारा

परतवाड्याच्या एका गॅरेजमध्ये मोटारी रंगवणाऱ्या पेंटरला आम्ही मुलं मामू म्हणत असू. गन हातात घेण्यापूर्वी मामू तोंडाला फडकं बांधत आणि काम संपलं की गुळाचा खडा तोंडात टाकत. "गुळानं छाती साफ होते, बेटा!" गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही, हे मलाही तेव्हा कुठं ठाऊक होतं!

गंमत अशी, की ही रंगाची गन एका डॉक्टरच्या घरातली. अमेरिकेतल्या टोलेडो गावच्या डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांनी १८८८च्या सुमारास घशात औषध फवारण्याचं यंत्र काढलं. १९०७ साली त्यांच्या मुलानं, टॉमसनं, त्याच युक्तीवर रंगाची गन बनवली. पुढे १९२४च्या ओकलंड मोटारींवर 'ड्युको' रंग आला. ब्रशच्या रंगाला वाळायला आठवडे लागत. हा इतका झटपट वाळे की फवारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 'ड्युको' हा शब्द आपल्या पेंटरांच्या तोंडी कायमचा बसला.

दरम्यान १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी आयसोसायनेटपासून पॉलियुरेथेन तयार केलं. आजच्या चकचकीत रंगात जो हार्डनर मिसळतात, त्यात हेच आयसोसायनेट असतं. सातपुड्यापलीकडे भोपाळमध्ये डिसेंबर १९८४मध्ये सुटलेला वायू याच कुळातला. हार्डनर तेवढा उडून जाणारा नाही, पण गन त्याचं बारीक धुकं करते. ते धुकं नीट दिसत नाही. वास येईपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते. एकदा दमा जडला की पुढे थोडासा अंशही पुरतो.

मामूंचं तेच झालं. हार्डनरचे डबे आल्यानंतर रात्री त्यांच्या छातीची शिट्टी ओसरीपर्यंत ऐकू येई. ईदच्या सुट्टीत मात्र बरं वाटे. कारण हवापालट, असं सगळे म्हणत. मीही म्हणालो.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. नोंदवायच्या रोगांच्या यादीत आयसोसायनेटची विषबाधाही होती. पण कारखाना ठरायला विजेवरच्या कामात किमान दहा माणसं लागत. मामूंच्या गॅरेजात तीन!

फडक्यातून, धुळीच्या मास्कमधून हे धुकं आरपार जातं. कोळशाच्या डबीचा मास्क कधी संपला, ते वासावरून कळत नाही. खरा उपाय म्हणजे नळीनं स्वच्छ, गाळलेली हवा पुरवणारा मास्क, आणि फवारणी थांबली तरी धुकं निघून जाईपर्यंत तो न काढणं.

मामूंचा नातू आता गन चालवतो. मागच्या आठवड्यात हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कितीले येते चाचा, ते मास्क?"