सोमवारचा नेम

आज्जा दर सोमवारी गगनगड चढायचा. आमच्या गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. आषाढात करूळ घाटातून धुकं वर आलं की शेजारचं घरही दिसत नाही. त्यातही तो निघायचा. दिवसभर चिखलात तरवा लावलेला असायचा, पाय पांढरेफटक पडलेले असायचे, तरी डोक्यावर घोंगडं घेऊन वाट धरायचा.

चढता चढता गडाची गोष्ट चालू असायची. गड शिलाहारांच्या दुसऱ्या भोजाचा. पुढं बावड्याची जहागीर रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याकडं आली. या पंतांवर आज्जाचा फार जीव. १६८९ मध्ये संभाजीराजे मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा ज्या थोड्या माणसांनी इकडं राज्य तगवलं त्यांत पंत पुढं होते. पंतांचं 'आज्ञापत्र' १७१५ चं. त्यात गड आणि आरमार यांबरोबर झाडांचीही काळजी आहे: आंबा-फणस एका वर्षात होत नाहीत, रयतेनं ते लेकरासारखे वाढवलेले असतात, म्हणून तिच्यावर जुलूम करून तोडू नयेत. आज्जा म्हणायचा, "एवढी लढाई बघितली त्या माणसानं, तरी आंब्याचं झाड इसरला न्हाई." मनाची शांती म्हणजे काय, हे मला या एका वाक्यातून जितकं कळलं तितकं कुठल्याही प्रवचनातून कळलं नाही.

गडावर विठ्ठलाई आहे आणि गैबी पीरही. आमची थोरली माणसं गैबी आणि गहिनीनाथ वेगळे मानत नसत. याच गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना. नाथांचा योग मराठीत उतरला तो या वाटेनं. गीतेतलं फळाची आस न धरता केलेलं कर्म ज्ञानदेवांनी ज्या बोलीत सांगितलं, ती शेतात राबणाऱ्यालाही आपली वाटली. आज्जाला अक्षरओळख बेताची होती, पण पारायणाला बसून ऐकलेल्या ओव्या त्याच्या तोंडी असायच्या.

नाथपंथी गगनगिरी महाराजांनी तपासाठी हाच गड निवडला. ते मूळचे पाटण तालुक्यातल्या मणदुऱ्याचे. ४ फेब्रुवारी २००८ रोजी खोपोलीत त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जलतपाच्या कथा बावड्यात घरोघरी ऐकू येतात. आज्जा मात्र चमत्कारात रमला नाही. मठातल्या धुनीपुढं तो डोळे मिटून बसायचा, अंगारा लावायचा आणि उठायचा.

एकदा मी विचारलं, "आज्जा, काय मागितलंस?"

"मागायला न्हाई जायाचं, पोरा. नुसतं जाऊन बसायचं. घरात बसलं की कर्ज आठवतं, बैल आठवतो. हितं बी आठवतं, पर जरा लांबनं."

कर्ज होतंच. एका वर्षी उभं भात लोळलं, त्या सोमवारीही तो गेला. मला तेव्हा त्याचा राग आला होता. घरात चूल पेटायची पंचाईत आणि हा गडावर. आजी मात्र शांत होती. ती म्हणाली, "जाऊ दे त्याला. वरनं आला की उद्याचं काम सुचतंय त्याला."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो खरंच विळा घेऊन शेतात होता. लोळलेल्या भातातून हाताला लागतील त्या लोंब्या त्यानं कापून काढल्या, घरात आढ्याला टांगून वाळवल्या, आणि त्यातलंच बी राखून पुढच्या मृगात पेरलं.