बरणी ते मत्स्यटाकी : बेट्टा माशाच्या घराचा इतिहास

१/८
शोभेच्या माशांच्या दुकानात बेट्टा मासा बहुधा ओंजळभर पाण्याच्या बरणीत ठेवलेला आढळतो. ‘त्याला एवढी जागा पुरते’, असे ग्राहकास सांगितले जाते. या समजुतीमागे सयामच्या भातशेतीपासून व्हिक्टोरियन लंडनपर्यंतचा इतिहास आहे. 🧵

२/८
सयाम म्हणजे आजचे थायलंड. तेथील भातखाचरे, दलदली व संथ ओहोळ हे या माशाचे मूळ घर. पाणी उथळ, उबदार, वनस्पतींनी गच्च भरलेले आणि प्राणवायूला पारखे. अशा पाण्यात जगण्यासाठी त्याच्या कल्ल्यांवर घड्या-घड्यांचे एक इंद्रिय विकसित झाले. त्यायोगे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. नर बुडबुड्यांचे घरटे बांधून त्यातील अंड्यांची राखण करतो.

३/८
थाई भाषेत त्याला ‘प्ला कात’, म्हणजे ‘चावणारा मासा’, म्हणतात. दोन नर समोरासमोर येताच भिडतात. त्यावरूनच पैजेच्या झुंजी रूढ झाल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार माणसाने या माशाची पैदास किमान ४०० वर्षांपूर्वी सुरू केली. झुंजीचे नर वेगवेगळ्या बरण्यांत, मध्ये आडोसा लावून ठेवले जात. बरणी हे त्याचे घर नव्हते. दोन झुंजींमधली ती कोठडी होती.

४/८
ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॅनिश वैद्य थिओडोर कँटर याने १८४९ साली मलायी माशांच्या सूचीत त्याला ‘पग्नॅक्स’, म्हणजे ‘भांडखोर’, या नावाखाली नोंदवले. पुढे ते नाव दुसऱ्याच एका बेट्टा जातीचे असल्याचे ध्यानात आले. तेव्हा ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन याने ‘बेट्टा स्प्लेन्डेन्स’ हे नाव दिले. ‘स्प्लेन्डेन्स’ म्हणजे झळाळणारा.

५/८
याच शतकात लंडनमध्ये माशांच्या घराची वेगळी कल्पना आकारास येत होती. १८४५ साली ब्रिटनमधील काचेवरील कर रद्द झाला व काच स्वस्त झाली. १८५० साली रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने आपला प्रयोग मांडला : एका पात्रात सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी. वनस्पती प्राणवायू पुरवीत, गोगलगायी सडलेली पाने फस्त करीत. पाणी दीर्घकाळ स्वच्छ राहिले.

६/८
१८५३ साली रीजंट्स पार्कमध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. विजेपूर्वीच्या काळात उष्ण प्रदेशातील माशांसाठी टाकीच्या पाटीदगडी तळाखाली ज्योत तेवत ठेवून पाणी उबदार राखले जाई.

७/८
तरीही एक कोडे उरले होते : माशांच्या मलमूत्रातील विषारी अमोनियाचे होते काय? सर्गेई विनोग्राडस्की याने १८९० च्या सुमारास मातीतील जीवाणूंवर संशोधन करून दाखवले की, काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. मत्स्यटाकीतही हेच घडते. मात्र हे जीवाणू रुजण्यास काही आठवडे लागतात. म्हणून जाणकार आधी टाकी तयार करतात आणि मासा नंतर आणतात.

८/८
बेट्टाच्या योग्य घरात हा सारा इतिहास एकत्र येतो. सुमारे २० लिटरची टाकी आणि २५ ते २७ अंश सेल्सिअस उबदार पाणी, कारण मूळ प्रदेश उष्ण. मंद प्रवाहाची गाळणी, कारण मूळ पाणी संथ आणि पैदाशीतून आलेले पर जड. दाट वनस्पती, वर झाकण, पण श्वासासाठी मोकळी हवा. आणि एका टाकीत एकच नर.

थायलंडने २०१९ साली या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. रानातील बेट्टा मात्र आज असुरक्षित जातींत गणला जातो. हवेतून श्वास घेण्याच्या क्षमतेने त्याला आटत्या खाचरांत तगवले. त्याच क्षमतेच्या आधारे माणसाने त्याला बरणीत कोंडले. तो बरणीत तग धरतो हे खरे, पण तग धरणे म्हणजे सुखाने नांदणे नव्हे.