कसाव्याची राखणदारीण

इतिहास म्हटला की तख्ते आणि तलवारी आठवतात. वर्गात मीही त्याच शिकवतो. आज सांगावयाच्या इतिहासाची नायिका मात्र जेमतेम दीड-दोन मिलिमीटर लांबीची एक गांधीलमाशी आहे. शास्त्रज्ञ तिला अनॅगायरस लोपेझी म्हणतात.

आपला एकादशीचा साबूदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेत नेला आणि तेथे तो कोट्यवधी गोरगरिबांचे रोजचे अन्न झाला. १९७० नंतर थोड्याच वर्षांत काँगो नदीच्या मुलखात त्यावर पांढरा पिठ्या ढेकूण पडला. शेंडे आक्रसले, कंद पोसेनात. पाल्याची भाजी करीत, तीही गेली. हा ढेकूण अमेरिकेतून आला होता. त्याचे वैरी तेवढे मागे राहिले होते.

तेव्हा वैऱ्यांच्या शोधात माणसे अमेरिकेत गेली. खंडाच्या उत्तर भागात अगदी तसाच ढेकूण सापडला. त्याच्यावर जगणारे कीटक आफ्रिकेत आणले, पण इथल्या ढेकणाला ते शिवेनात! नीट पाहता उलगडा झाला. त्या ढेकणांत नर होते, मादी होत्या. आफ्रिकेतल्यांत मात्र सगळ्या माद्याच, नरावाचून प्रजा वाढवणाऱ्या. जात निराळी होती. खरा ढेकूण अखेर अँथनी बेलोटी यांना दूरच्या पॅराग्वेत सापडला, आणि त्याच्याबरोबर ही माशी.

ती ढेकणाच्या अंगात अंडे घालते. अळी त्याला आतून खाते, ढेकूण वाळून टणक होतो, मग त्या कवचाला भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. कुणाला हे क्रूर वाटेल. मला, सरसकट साऱ्या जिवांवर विष फवारण्यापेक्षा, हे परवडले.

इंग्लंडमध्ये वेगळ्या ठेवून पारखलेल्या या माश्या १९८१ च्या अखेरीस नायजेरियातील इबादान येथे सोडल्या गेल्या. स्विस शास्त्रज्ञ हान्स हेरेन यांनी पुढे त्या विमानांतूनही सोडवल्या. वीसहून अधिक देशांत त्यांनी बस्तान बसवले. ढेकूण निर्वंश झाला नाही. थोडा उरला, त्यावर थोड्या माश्याही तगल्या. हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

२०२० मध्ये तोच ढेकूण केरळात आढळला आणि पुढे तमिळनाडूतील सेलमकडे, म्हणजे थेट आपल्या साबूदाण्याच्या माहेरी, पोचला. बंगळूरच्या कीटकशास्त्रज्ञांनी आफ्रिकेतील बेनिन देशातून ही माशी मागवली, वाढवली आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यातील शेतांत सोडली.