मंगळवेढ्याची भिंत आणि मेग्रेचा तपास

एमिल गाबोरिओच्या १८६६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीतून लकॉक हा फ्रेंच पोलीस अवतरला. पुराव्यावरून गुन्हेगारापर्यंत पोचणे, हे त्याचे कार्य. जॉर्ज सिमेनॉनचा १९३१ पासून पुस्तकांतून वावरणारा पॅरिसचा मेग्रे मात्र मृत व्यक्ती कशी जगली, हे आधी समजून घेतो. गुन्हेगाराचे नाव त्या आकलनातूनच निष्पन्न होते.

'मेलेला कोण?' आणि 'उत्तरदायी कोण?' हे या कथनप्रकाराचे दोन मूलभूत प्रश्न होत. मराठीतील एक जुनी मरणकथा या प्रश्नांच्या आधारे तपासण्याजोगी आहे. परंपरेनुसार १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखामेळा व इतर मजूर गाडले गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या चोखोबांच्या म्हणून नामदेवांनी ओळखल्या आणि पंढरपुरी महाद्वारापाशी समाधी उभारली.

पहिल्या प्रश्नाचे हे उत्तर मेग्रेच्या रीतीशी जुळणारे आहे, कारण ओळखीची खूण मृताच्या जगण्यातूनच आलेली आहे. दुसरा प्रश्न मात्र कथा उपस्थितच करीत नाही. भिंत कोसळणे हा खून नव्हे. परंतु ती कोणाच्या आज्ञेने, कोणाच्या श्रमांवर उभी राहत होती? शिवाय ज्यांच्या अस्थी बोलल्या नाहीत, ते मजूर अनामच राहिले.

येथे मेग्रेचीही मर्यादा उघड होते. एका प्रेतामागे एक गुन्हेगार, हे त्याच्या तपासाचे गृहीत आहे. मृत्यूचे कारण समाजव्यवस्थाच असेल, तर त्याने अटक कोणाला करावी?