वहिवाट : चवदार तळे आणि माझी खुर्ची

चवदार तळ्याचा इतिहास आपण दरवर्षी २० मार्चला सांगतो. पण त्याचा कोर्टातला भाग फारसा सांगत नाही. आज तोच सांगायचा आहे.

१९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, असं तो सांगत होता. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले केले, पण फक्त कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसं तिथे ओंजळभर पाणी प्यायली. त्यानंतर आपल्या लोकांची डोकी फुटली आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. ज्या तळ्यावर मुसलमान पाणी भरत, गुरंढोरं पाणी पीत, ते तळं आपल्या स्पर्शाने बाटलं! ऑगस्टमध्ये पालिकेने आपलाच ठराव फिरवला आणि डिसेंबरमध्ये सवर्ण कोर्टात गेले.

त्यांचा दावा काय होता? तळं आमचं, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. थोडक्यात, आजवर आम्हीच वापरलं, म्हणून ते आमचं. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी हा दावा फेटाळला. तळं पालिकेचं ठरलं आणि ती वहिवाट अनादी असल्याचं सिद्ध झालं नाही. ओंजळभर पाण्याचा हक्क कोर्टात टिकायला दहा वर्षं लागली.

आता माझं सांगतो. वस्तीतल्या अभ्यासिकेत खिडकीजवळ, पंख्याखाली एक खुर्ची आहे. एमएचा अभ्यास मी तिथेच केला. परवा तिथे एक नवा मुलगा बसला होता, मातंग समाजातला. मी सहज म्हणालो, "अरे, ती माझी जागा आहे." तो "सॉरी दादा" म्हणत वही उचलून दाराजवळच्या बाकावर गेला. त्याने का म्हणून विचारलं नाही. ते न विचारणंच मला रात्रभर टोचत राहिलं.

खुर्ची म्हणजे चवदार तळं नव्हे, हे मला कळतं. तळ्यामागे लाठ्या घेतलेली जात उभी होती. पण माझं कारण तेच होतं : वहिवाट. समोर आपल्याच समाजातला वकील बसला असता तर मी तसं म्हणालो असतो का? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ते याचसाठी. वरच्याशी भांडणाऱ्यालाही खालची एखादी पायरी हवीशी वाटते. विहारात सभेनंतर चहा कोण आणतं आणि पुढच्या खुर्च्यांवर कोण बसतं, तेही एकदा मोजून पाहा.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची माफी मागितली आणि ती खुर्ची सोडली. यात मोठेपणा काही नाही. ती माझी नव्हतीच.

इतरांची मक्तेदारी आपल्याला लगेच दिसते, दिसलीच पाहिजे. पण समता मागणाऱ्याने आपली वहिवाटही तपासावी. नाहीतर महाडला आपण फक्त पाणी प्यायला गेलो होतो, असं होईल.

जयभीम!