‘सीपीआर’ नेमके कोणाचे?

कोल्हापूरकरांच्या तोंडी ‘सीपीआर’ म्हणून रुळलेले छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय एकेकाळी जिल्हा रुग्णालय होते. २००० मध्ये राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि हे रुग्णालय त्याला जोडले गेले. इमारत तीच राहिली, रुग्णही तेच. धनी मात्र बदलला. जिल्हा शल्यचिकित्सकांऐवजी अधिष्ठात्यांचा अंमल सुरू झाला.

महाराष्ट्रात शासकीय रुग्णालये दोन खात्यांत विभागली आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांपर्यंतची साखळी सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात. राधानगरी वा गगनबावड्याच्या केंद्रातून चिठ्ठी घेऊन निघालेला रुग्ण सीपीआरच्या दारात पाऊल ठेवतो, तेव्हा नकळत खातेही ओलांडतो.

ही विभागणी केवळ कागदावरची नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून शासनाने उपचार विनामूल्य केले, तेव्हा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. त्यामुळे गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात शुल्क माफ झाले. गंभीर रुग्ण जिथे पाठवले जातात, ती महाविद्यालयीन रुग्णालये त्यातून वगळली गेली.

विद्यापीठाचा संबंध त्या मानाने दूरचा. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) परीक्षा घेते, पदवी देते; खाटा, औषधे किंवा परिचारिकांच्या पगाराशी त्याला कर्तव्य नाही. प्राध्यापकांच्या नेमणुका व बदल्या राज्य शासन करते. किती विद्यार्थ्यांमागे किती खाटा व किती शिक्षक हवेत, याचे निकष दिल्लीहून येतात. २०२० पर्यंत ते भारतीय वैद्यक परिषद ठरवत असे, त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. याउलट कदमवाडीतील डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालय अभिमत विद्यापीठाच्या छत्राखाली आहे. दिल्लीच्या ‘एम्स’ला तर संसदेच्या १९५६ च्या कायद्याने स्वतःच पदवी देण्याचा अधिकार मिळाला.

वॉर्डातील व्यवस्था ‘युनिट’वर चालते. प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक हे युनिटचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली सहायक प्राध्यापक, मग निवासी डॉक्टर आणि आंतरवासिता करणारे विद्यार्थी. रात्री दोन वाजता रुग्णाच्या उशाशी असतो तो बहुधा निवासी डॉक्टर, म्हणजे शासनाच्या लेखी अजून विद्यार्थीच.