गंज कोठला?

रणगाड्याचा इतिहास लिहिणारे तोफ व चिलखत यांविषयी पानेच्या पाने खर्चितात. ज्या पोलादी पट्ट्यांवर तो चालतो त्यांची बहुधा उपेक्षाच होते. वस्तुतः आरंभीची खरी अडचण पट्ट्यांचीच होती. सन १९१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडातील लिंकन येथे ट्रिटन व विल्सन यांनी जे पहिले यंत्र चालवून पाहिले, त्याचे अमेरिकेहून आणविलेले पट्टे चाकांवरून निसटत. पोलादी पत्र्याच्या कड्यांचा नवा पट्टा त्यांनी घडविला, तेव्हा कोठे पुढील वर्षी १५ सप्टेंबरास सोमच्या रणभूमीवर रणगाडे उतरू शकले.

हे आठवण्यास निमित्त झाले एका चिमुकल्या रणगाड्याचे. जर्मनांचा 'पँथर' रणगाडा १९४३ च्या जुलैत कुर्स्क येथे प्रथम लढला. त्याची पस्तिसाव्या हिश्श्याची प्रतिकृती आमच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस आणून दाखविली. (हे पस्तिसाचे माप तरी कोठून आले? जपानच्या तामिया कंपनीने आपल्या पँथरच्या पोटात मोटर व बॅटऱ्या मावाव्यात म्हणून गाडा त्या बेताचा केला, आणि पुढे तेच माप जगभर रूढ झाले!) पट्टे पांढऱ्या धातूच्या सुट्या कड्या ओवून केलेले; म्हणून खऱ्याप्रमाणे आपल्याच भाराने चाकांवर ओथंबलेले. परंतु रंग? या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड नारिंगी गंज! विचारता उत्तर मिळाले, की एका संग्रहालयात असाच पाहिला.

संग्रहालयातील गंज हा निवृत्तीचा गंज होय. चालत्या गाड्यावर रात्रीच्या दवाने तांबूस छटा चढते खरी. तथापि सकाळी थोडे अंतर कापताच जमिनीशी घासणारा भाग आणि चाकांखालची आतली बाजू लखलखू लागते. खाचांत उरतो तो चिखल व काळपट तपकिरी थर. युद्धकालीन छायाचित्रांत रंग नसले, तरी पट्ट्यांच्या कडांवरील पांढुरक्या रेघा हीच साक्ष देतात. उलट अमेरिकन 'शर्मन'च्या कित्येक पट्ट्यांवर रबराचे ठोकळे असत. तेथे अशी चकाकी दाखविणे हीही चूकच.

रीत कठीण नाही. धातू काळा करणाऱ्या द्रवात कड्या बुडवाव्या, पातळ तपकिरी रंग खाचांत सोडावा, त्या प्रदेशाच्या मातीच्या रंगाची पूड चोळावी, आणि उंचवटे बारीक पॉलिशपेपराने घासावे. खालचा धातू आपणच उघडा पडतो.

विद्यार्थी मात्र हार मानीना. "सर, कुर्स्कला कितीतरी पँथर वाटेतच बंद पडले होते. माझा त्यांतलाच समजा की!" हा कोटिक्रम निराधार नव्हता, त्या गाड्यांचे बिघाड इतिहासात नमूद आहेत. आम्ही म्हणालो, "समजू. पण मग ताजी नारिंगी छटा घासून उजळलेल्या भागावर हवी, तीही पातळ. तू ती खाचांत भरली आहेस."

त्याने गाडा उलटा करून पाहिला, आणि पाऊस झाला होता काय, असे विचारले. दक्षिण आघाडीवर लढाईच्या तोंडीच वादळी पाऊस झाला होता, हे आम्ही सांगितले.

"मग चिखलही हवा," असे पुटपुटत त्याने पँथर पुन्हा खोक्यात घातला.